आई मराठी, अम्मा भोजपुरी, मूल काय बोलणार?

पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्या किंवा दोन मुलुखांतून जुळलेल्या घरांची ही तीन पत्रं.

प्रश्न : मी साताऱ्याची, नवरा बिहारमधल्या आऱ्याचा. राहतो कल्याणला. अडीच वर्षांचा मुलगा ‘आई, हमके पाणी दे’ असं मिसळून बोलतो. बालवाडीच्या बाई म्हणतात, घरात एकच भाषा ठेवा. सासूबाईंना भोजपुरीच येते. त्यांना कसं सांगू?

उत्तर : सासूबाईंना काहीही सांगू नका. ‘हमके’ (मला) अम्मांकडून, म्हणजे सासूबाईंकडून, ‘पाणी’ तुमच्याकडून आणि वाक्य अगदी बरोबर जुळवलेलं. याला गोंधळ म्हणत नाहीत. कोणाशी कोणती भाषा बोलायची, हे मुलं लवकरच ओळखतात. त्याचे शब्द मोजायचेच असतील तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. दोन वर्षं उलटूनही मूल दोन शब्द जोडत नसेल किंवा हाकेला ओ देत नसेल, तर आधी कान तपासून घ्यायचे असतात. तेव्हाही भाषा कमी करणं हा उपाय नाही.

मला काळजी वाटते ती अम्मांची. अशाच एका घरात ‘हिंदीतच बोला’ म्हटल्यावर आजी नातवाला भरवताना गायच्या थांबल्या. त्यांना येणारी सगळी गाणी भोजपुरीतली होती. परक्या शहरात, शेजारणीशीही धड बोलता न येणाऱ्या बाईला नातू हाच बोलायला माणूस असतो. तो तिच्यापासून तोडू नका.

तुम्ही मात्र मुलाशी न चुकता मराठीतच बोला. दिवाळीत त्याला सोऱ्यापाशी बसवा आणि सहा दिवसांनी बिहारचा छठ हा सण आला की अम्मांजवळ. छठच्या ठेकुआ या गोड पदार्थाचं पीठ लाकडी साच्यावर दाबताना त्या जे बोलतील, ते त्याला दुसरं कोणी शिकवणार नाही.

प्रश्न : मी रत्नागिरीची, तो केरळचा ख्रिश्चन. दोघंही मुंबईत नोकरीला आहोत. धर्म न बदलता लग्न करायचंय. घरी लग्न झाल्यावरच सांगावं का?

उत्तर : तुमच्यासाठी 1954चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेला हवा. नोटिशीनंतर 30 दिवस थांबायचं आणि तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न करायचं. पण ती नोटीस कार्यालयात लागते. आईबाबांना ही गोष्ट तिसऱ्याच माणसाकडून कळली, तर ती जखम लवकर भरत नाही. म्हणून आधी तुम्हीच सांगा. मात्र घरून मारहाणीची किंवा कोंडून ठेवण्याची भीती असेल, तर आधी वकिलाला गाठा. अशा वेळी घरच्यांना अंधारात ठेवल्याचा दोष मी तुम्हाला देणार नाही.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातली, वय 62. लेक-सून कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात. तीन वर्षांचा नातू माझ्यापाशी असतो. मागच्या साली सून परत आली, तर तो तिच्याकडे जाईना. ती रात्रभर रडली. आता सहावीतल्या नातीलाही न्यायचं म्हणतात, तिथं स्वयंपाकाला.

उत्तर : आजी, दिवाळीच्या सुमारास गेलेली आई उन्हाळ्यात परत येते. तीन वर्षांच्या पोराला तेवढे महिने म्हणजे फार मोठा काळ. तो आईला विसरला नव्हता, तर रुसला होता. ‘आईला ओळखत नाहीस का रे?’ असं कोणी त्याला विचारू नका आणि ओढून तिच्या मांडीवर बसवू नका. सुनेला सांगा, नुसती जवळ बस, त्याला आंघोळ घाल, चार दिवस रात्री शेजारी झोप. पोर आपणहून तिच्या कुशीत शिरेल. यंदा जाताना तिचं एखादं जुनं लुगडं त्याच्या पांघरुणात राहू द्या. फोनची वेळ ठरत नाही हे मला ठाऊक आहे, कारण रात्री गाडी भरायची असते. मग तिनं सवड मिळेल तेव्हा आवाज रेकॉर्ड करून पाठवावा आणि तुम्ही तो झोपताना ऐकवावा.

नातीला जाऊ देऊ नका. एका हंगामात अभ्यास मागं पडला की परत आल्यावर वर्गात बसायची लाज वाटते, आणि मग घरात लग्नाचं बोलणं सुरू होतं. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, कोपीवर (तिथल्या झोपडीवर) हात कमी पडतात, हे खरं. पण ते फेडणं त्या पोरीचं काम नाही. गाड्या निघायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा आणि शाळेत हंगामी वसतिगृह चालणार का, ते विचारा. मुलांचं जेवण तिथं होतं, तुमचा भार हलका होतो. रेशनचंही पाहा. आधार जोडलेलं असेल, तर एकाच कार्डावर तुम्ही गावात आणि ते कारखान्याजवळ आपापला वाटा उचलू शकता.

आणि एवढं करूनही तिला नेलंच, तर तिथल्या शाळेत लगेच नाव घाला. दाखला आणला नाही म्हणून सहावीच्या मुलीला सरकारी शाळा परत पाठवू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.