दीक्षा देणाऱ्याच्याच डोक्यात हवा शिरते तेव्हा

विक्का (विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये आकाराला आलेला, देवी आणि निसर्गाला मानणारा धर्म) आणि इतर आधुनिक पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवदेवतांना मानणाऱ्या, गटांत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली, आणि बहुतेकांचं दुखणं एकच आहे. सुरुवातीला जीव ओतून शिकवणाऱ्या माणसाचा शब्द पुढे कायदा होऊन बसतो. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

आमचं सात जणांचं कोव्हन, म्हणजे एकत्र विधी करणारा छोटा गट, आहे. आमच्या मुख्य पुरोहितेने तिन्ही पायऱ्यांच्या दीक्षा घेतल्या आहेत, त्या शिकवतातही छान. पण वर्षभरापासून पौर्णिमेच्या विधीत त्यांच्या अंगात देवी आली की कुणाबद्दल तरी आज्ञा होते. ‘हिने तीन महिने विधीच्या वर्तुळात यायचं नाही’, ‘याने अमक्याशी बोलणं बंद करावं’. शंका काढली तर ‘मी नाही, देवी बोलली’ असं म्हणतात. शंका घेणं हा देवीचा अपमान आहे का?

नाही. उलट ही शंका वेळेत काढली नाही, तर विधीचं आणि पुरोहितेचं, दोघांचंही नुकसान होतं.

पौर्णिमेच्या या विधीला चंद्राला खाली उतरवणं म्हणतात, आणि त्यात देवी पुरोहितेच्या मुखाने बोलते ही श्रद्धा आम्ही हलकी लेखत नाही. पण मुख पुरोहितेचंच असतं. तिचे शब्द, तिचा थकवा, कुणावर धरलेला राग हे सगळं त्याच वाटेने बाहेर पडतं. आशीर्वाद, एखादी प्रतिमा, मनात घर करणारी ओळ यांवर वाद घालायचं कारण नाही. नाव घेऊन दिलेली आज्ञा मात्र वेगळी. तिने कुणाचं तरी येणं-जाणं, नातं, मैत्री बदलते, म्हणून तिच्याबद्दल जाब विचारता आलाच पाहिजे.

पुढच्या पौर्णिमेआधी, विधीच्या दिवशी नव्हे, सगळ्यांनी बसून हे ठरवून घ्या. विधीत जे बोललं जाईल ते एका व्यक्तीने शब्दशः टिपायचं, आणि ती व्यक्ती दर वेळी बदलायची. टिपलेल्यातलं कुणाचंही नाव घेऊन आलेलं वाक्य बाजूला काढायचं. ते ज्याच्याबद्दल आहे त्याला एकट्याला वाचून दाखवायचं, आणि काय करायचं ते त्याने ठरवायचं. गटाने त्यावर काहीही करायचं नाही. बाकी जे सुचवलं गेलं असेल, त्यावरचा निर्णय पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबवायचा. साडेएकोणतीस दिवसांत बऱ्याच आज्ञांची निकड आपोआप ओसरते.

पुरोहितेला विधीतून भानावर परत आणण्याच्या भागाकडेही बघा, कारण इथे फार गट घाई करतात. देवीला निरोप दिल्यावर पुरोहितेला बसवायचं, पाणी आणि खारट काहीतरी खायला द्यायचं, तळपाय जमिनीला टेकलेले हवेत, आणि तिला विधीतल्या नावाने नव्हे तर रोजच्या नावाने हाक मारायची. वीस मिनिटं तरी तिला कुणी सल्ला विचारायचा नाही. हे झालं नाही की ती अर्धी तिकडे, अर्धी इकडे अशी राहते, लोक त्याच नजरेने तिच्याकडे बघत राहतात, आणि ती नजर हळूहळू हवीहवीशी वाटू लागते. मीपणा बहुतेक वेळा इथून आत शिरतो. शक्य असेल तर एकाआड एक पौर्णिमेला दुसऱ्या कुणाच्या तरी अंगी देवी उतरू द्या. ‘दुसऱ्या कुणाची तेवढी तयारी नाही’ असं उत्तर आलं, तर ती तयारी आजवर का करून घेतली नाही, हा पुढचा प्रश्न.

तिसऱ्या पायरीबद्दलही थोडं. ती घेतलेली व्यक्ती स्वतंत्र कोव्हन काढू शकते, एवढाच तिचा अर्थ. भांडणं मिटवता येतात का, पैसे सांभाळता येतात का, स्वतःची चूक कबूल करता येते का, हे त्या दीक्षेत तपासलं जातंच असं नाही.

आणि हा रोग नवा नाही. 1951 मध्ये ब्रिटनमधला चेटूकविरोधी कायदा रद्द झाल्यावर विक्काचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर त्याबद्दल उघडपणे लिहू-बोलू लागले. सेंट ऑल्बन्सजवळच्या ब्रिकेट वुड कोव्हनमध्ये डोरीन व्हॅलिएंटी मुख्य पुरोहिता होत्या. गार्डनर यांच्या वर्तमानपत्रांशी बोलण्यामुळे इतरांची गुप्तता धोक्यात येते, म्हणून त्या आणि काही सदस्यांनी 1957 मध्ये नियमांचा एक मसुदा पुढे केला. गार्डनर यांचं उत्तर आलं की याची गरजच नाही, क्राफ्टचे (म्हणजे विक्काचे) प्राचीन कायदे आधीच आहेत. त्याआधी ते कुणी पाहिले नव्हते. त्या कायद्यांची भाषा ओढूनताणून जुनी केलेली होती, आणि एक कलम असं होतं की पुरोहितेने तरुण स्त्रीसाठी आपली जागा खुशीने सोडावी. हे कायदे गार्डनर यांनीच रचले आहेत असं व्हॅलिएंटी यांचं मत झालं आणि त्या सोबत्यांसह बाहेर पडल्या. प्रश्न विचारल्याबरोबर नेमकी उत्तरापुरती परंपरा सापडते, तेव्हा ती आली कुठून हे विचारायलाच हवं. व्हॅलिएंटी यांची देवीवरची श्रद्धा त्यानंतरही टिकली, हे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर.

एक वर्ष आणि एक दिवस शिकल्यावर पहिली दीक्षा मिळेल असं सांगितलं होतं. आता तिसरं वर्ष चालू आहे. दर वेळी ‘अजून तयार नाहीस’.

एक वर्ष आणि एक दिवस ही रूढ किमान मुदत आहे, तेवढे दिवस भरले म्हणजे हक्क मिळाला असं होत नाही. दीक्षा नाकारायचा अधिकार कोव्हनला आहे आणि तो असलाच पाहिजे. तरीही नकार देणं आणि टांगणीला ठेवणं यांत फरक आहे.

तो ओळखायला चार प्रश्न लेखी विचारा. माझ्यात नेमकं काय कमी आहे? ते भरून निघालं हे कशावरून कळेल? कधीपर्यंत बघायचं? आणि तुमच्याशिवाय आणखी कोण बघणार? खरा शिक्षक अवघडला तरी उत्तर देतो. ‘वर्तुळ आखताना तू दिशांचा क्रम विसरतोस, बेल्टेनच्या उत्सवापर्यंत तीन वेळा न बघता करून दाखव’ किंवा ‘आमच्या सात जणांत तुझं जमेल असं वाटत नाही, दुसरं कोव्हन बघ’. दुसरं उत्तर कडू असलं तरी प्रामाणिक आहे, कारण ते तुम्हाला मोकळं करतं. टांगून ठेवणाऱ्याचं कारण मात्र दर खेपेला बदलतं. आधी अभ्यास कमी, मग अहंकार जास्त, मग ‘ऊर्जा जुळत नाही’. तीनदा विचारून तीन वेगळी कारणं आली तर चौथ्यांदा विचारू नका.

दीक्षेसाठी शिक्षकाशी शरीरसंबंध ठेवावा लागेल असं कुणी सुचवलं, तर यातलं काहीही विचारत बसू नका. तिथून निघा. दीक्षेतला मीलनाचा विधी चषक आणि सुरी वापरून प्रतीकात्मक पद्धतीने होतो, आणि बहुतेक ठिकाणी तसाच केला जातो. जबरदस्ती झाली असेल तर ते पोलिसांचं काम आहे, कोव्हनच्या बैठकीचं नाही.

प्रशिक्षणाचे पैसे मागणारा शिक्षक ढोंगी समजायचा का?

गार्डनेरियन आणि अलेक्झांड्रियन या विक्काच्या दोन मुख्य परंपरांत दीक्षेसाठी पैसे घेत नाहीत. तिथे कुणी मागितले तर परंपरेचं नाव वापरून धंदा चालला आहे. मेणबत्त्या, धूप, जेवण, जागेचं भाडं वाटून घेणं वेगळं, आणि खुल्या कार्यशाळेची फी वेगळी. हिशेबाचा कागद सगळ्यांना बघायला मिळतो का, एवढं पाहा.

मी सहा वर्षं शिकवतो आहे. एक शिष्या जाताना म्हणाली, ‘तुम्ही आता ऐकत नाही.’ राग आला, पण शब्द डोक्यातून जात नाहीत. स्वतःला तपासायचं कसं?

शब्द डोक्यातून जात नाहीत, ही चांगली खूण आहे. आता मनाला न विचारता घड्याळाला विचारा. पुढच्या दोन तासांच्या वर्गात तुम्ही किती मिनिटं बोलता ते कुणाला तरी मोजायला सांगा. नव्वदच्या वर गेलात तर शिष्या खरं बोलली. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य तुम्ही किती वेळा उच्चारता तेही टिपा. महिनाभरात एकदाही नाही, हे काळजीचं आहे. मग गेल्या दोन वर्षांत गट सोडून गेलेल्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे कारण लिहा. सगळ्या कारणांत दोष जाणाऱ्याचाच निघत असेल, तर यादी पुन्हा करा.

सगळ्यात चोख परीक्षा आजारपणाची. उद्या तुम्ही पडून राहिलात तर साव्हिनच्या उत्सवाचा विधी कोण करेल? नाव सुचत नसेल तर गेली सहा वर्षं शिकवण्यापेक्षा करून दाखवणंच जास्त झालं आहे. चार दिशांची आवाहनं आजपासून चौघांकडे द्या. तीन महिन्यांनी वर्तुळ आखणंही द्या, आणि तुम्ही मागे उभे राहा. ते चुकतील. विधी चालू असताना दुरुस्त करू नका. नंतर वीस मिनिटं बसा, ज्याने केलं त्याने आधी बोलायचं, तुम्ही सगळ्यात शेवटी.

अभिप्राय मागणार असाल तर निनावी चिठ्ठ्यांवर विसंबू नका. सात माणसांत अक्षर ओळखू येतं. दुसऱ्या कोव्हनमधल्या विश्वासाच्या व्यक्तीला प्रत्येकाशी बोलून गोषवारा द्यायला सांगा. आणि सोबत शिकवणारा दुसरा कुणी शोधा. अमेरिकेतल्या रिक्लेमिंग परंपरेत वर्ग दोघांनी मिळून घ्यायची पद्धत आहे. आमच्या मते अहंकारावर याहून चांगला उतारा नाही, कारण तुमची चूक शिष्यांसमोर सहजपणे सांगू शकेल असं माणूस खोलीतच असतं.

नेते नकोत म्हणून आम्ही सगळे समान ठरलो. दीड वर्षात तिघांत इतकी भांडणं झाली की उत्सवही होत नाहीत.

पद काढलं म्हणून सत्ता जात नाही, ती फक्त दिसेनाशी होते. घर कुणाचं, पैशाची पिशवी कुणाकडे, नवीन माणसाला आधी कोण भेटतं, निरोप कोण पाठवतं? तुमची तिघं त्यातलं एकेक धरून बसली असणार. विशेषतः घर. ज्याच्या घरी वर्तुळ पडतं त्याचं ‘या वेळी नको’ म्हणजे हकालपट्टीच. निदान भांडण मिटवायची बैठक त्या घरी घेऊ नका.

या चार कामांची एका पानावर यादी करा आणि एकाकडे एकच द्या. वर्षात आठ उत्सव येतात, म्हणजे साधारण साडेसहा आठवड्यांनी एक. दर दोन उत्सवांनंतर कामं फिरवा. पैसे काढताना दोघांची संमती हवी. निर्णय सर्वसंमतीने होत असतील तर एक अट घाला: दोन बैठकांत एकमत झालं नाही तर तीन चतुर्थांश मतांनी निर्णय. नाहीतर जो रात्री बारापर्यंत हट्ट धरून बसू शकतो त्याचंच खरं होतं, आणि बाकीचे कंटाळून मान डोलावतात.

बाहेर पडायचं आहे. पण गुप्ततेची शपथ घेतली आहे, आणि गेलात तर गटाची शक्ती उलटेल असं गुरूंनी सांगितलं आहे.

आधी शपथेचं. विधींची संहिता, दीक्षेचा तपशील आणि इतर सदस्यांची ओळख तिने झाकली जाते, ती पाळा. तुमच्याशी कोण कसं वागलं, हे त्या शपथेत येत नाही, कुणी तसं म्हणालं तरी नाही.

शक्ती उलटेल ही धमकी आहे. तारीख, वेळ आणि नेमके शब्द लिहून ठेवा. पेगन विचारवंत आयझॅक बोनविट्स यांनी 1979 मध्ये गट किती धोकादायक आहे हे जोखायचा एक तक्ता छापला होता. त्यात एकेका मुद्द्याला एक ते दहा गुण द्यायचे असतात, आणि सोडून जाणाऱ्यांना रोखण्याचे प्रयत्न हा त्यातला एक स्वतंत्र मुद्दा आहे. गुरूच्या ज्ञानाचे दावे, पैसा, लैंगिक पक्षपात, बाहेरच्यांपासून तोडणं हेही आहेत. एकट्याने न भरता गटाबाहेरच्या एखाद्या मित्रासोबत भरा. आत राहून सवय झालेल्या माणसाचा हात सातऐवजी चार लिहितो.

विक्कात कुणाची दीक्षा काढून घेईल अशी मध्यवर्ती संस्था नाही. ब्रिटनमधलं पेगन फेडरेशन 1971 पासून आहे, पण कोव्हन त्याच्या हुकमाखाली नाहीत. तुमच्या गुरूंना दीक्षा देणारं मूळ कोव्हन असेल तर त्यांना कळवता येतं. त्यांनी कान उघडणी केली तर केली, त्यावर अवलंबून राहू नका.

निघताना चार ओळींचं पत्र पुरे: मी अमुक तारखेपासून गटात नाही, शपथ पाळेन, गटाच्या वस्तू सोबत पाठवत आहे, याबद्दल चर्चा करायची नाही. कारणं लिहू नका, कारण प्रत्येक कारणाला उत्तर येईल आणि ‘एकदा भेटून बोलू’ म्हणत तुम्हाला पुन्हा वर्तुळात बसवलं जाईल. स्वतःची सुरी, स्वतःच्या टिपणांची वही तुमची. उतरवून घ्यायला दिलेली गटाची वही परत करा. तुमच्या घराची किल्ली कुणाकडे असेल तर कुलूप बदला. विधीतले तुमचे फोटो कुणाकडे आहेत ते आठवा, विशेषतः वस्त्रांशिवाय विधी करणारा गट असेल तर, आणि ते पुसून टाकावेत अशी मागणी त्याच पत्रात पाचवी ओळ म्हणून घाला. पत्राची एक प्रत स्वतःकडे ठेवा. आधी सोडून गेलेल्यांपैकी कुणाचा नंबर असेल तर पत्र पाठवण्याच्या आदल्या दिवशी त्यांना फोन करा.