‘आई, एकटी नको!’

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कोथरूडची, वय 57, शाळेतून निवृत्त. मुलगा आणि सून झुरिकला असतात. जुलै-ऑगस्टमध्ये मी त्यांच्याकडे जातेय. बघण्यासारखं सगळं मागच्या खेपेला बघून झालंय. यंदा मनात एकच आहे : आपल्या पायांनी चालत डोंगरातल्या एखाद्या लॉजवर जायचं आणि एक रात्र एकटीनं राहायचं. तरुणपणी हरिश्चंद्रगड, तोरणा, कळसूबाई झालेत. पर्वती अजून रोज चढते. उजवा गुडघा उतरताना कुरकुरतो. शाकाहारी आहे, जर्मन येत नाही. मुलगा म्हणतो, ‘आई, एकटी नको, आपण सगळेच जाऊ.’ सगळे गेलो की तिथेही कुणाला काय हवं-नको ते मीच बघत बसणार! काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जा. तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचलं तेव्हाच मी उत्तर ठरवून टाकलं होतं, बाकीचा मजकूर फक्त कसं जायचं त्याचा.

तिकडे या लॉजला ‘ह्यूट’ म्हणतात (मुलाच्या लेखी तुमचा तो ‘हट्ट’, एवढाच फरक). बऱ्याचशा ह्यूट स्विस अल्पाइन क्लबच्या आहेत. क्लब 1863 सालचा. तुम्ही सभासद नसलात तरी राहू देतात, फक्त पैसे थोडे जास्त पडतात. तुमच्यासाठी मी लेमेरन ह्यूट सुचवीन. उंची 2501 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी साडेआठशे मीटर. पण घाबरू नका, चढ तुमच्या वाट्याला फार थोडा येतो. झुरिकहून फिस्पपर्यंत थेट गाडी, दोन तासांची. तिथून लॉयक, मग बसनं लॉयकरबाड. या गावातून रोपवे तुम्हाला जवळजवळ साडेनऊशे मीटर उचलून गेमी खिंडीत ठेवतो. तिथून दीड तासाची चाल. मला सव्वादोन तास लागले, कारण मी दर दहा पावलांनी थांबत होते.

वाट आधी खाली लेमेरनबोडन नावाच्या सपाट मैदानात उतरते. हिमनदीचं वितळलेलं पाणी तिथे दहा-बारा फाट्यांनी वाहत असतं. दुधात राख कालवल्यासारखा त्याचा रंग. खडक दळून निघालेली भुकटी असते ती. कडेला शिट्टी ऐकू आली तर कुणी टवाळखोर नाही, मार्मोट आहे : मांजराएवढा गुबगुबीत प्राणी, माणूस दिसला की शिट्टी मारून बिळात. मैदान संपलं की शेवटचा चढ. पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईला तो जमेल, फक्त हवा विरळ आहे, तेव्हा घाई नको. पाणी पीत राहा. रात्री थोडं डोकं जड वाटलं तर नवल नाही.

वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर लिहीत नाहीत, वेळ लिहितात. ती वेळ सपाटीवर ताशी 4.2 किलोमीटरच्या हिशेबानं काढलेली, विश्रांती न धरता. आपल्यासारख्यांनी त्यात निम्मी वेळ आणखी मिळवावी. खडकावर पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला तर तुमची वाट बरोबर. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर मागे फिरा, ती गिर्यारोहकांची.

आता आतलं. दारात बूट काढायचे. तिथे मांडणीवर घरात घालायच्या चपलांची रांग असते, आपल्या मापाची उचलायची. (देवळाबाहेर चपला शोधण्याचा सराव इथे कामी येतो.) झोपायला लांबलचक फळीवर गाद्या एकाला एक चिकटून. माझ्या एका बाजूला बर्नचे शिक्षक आणि दुसऱ्या बाजूला भिंत होती. भिंत मी मागून घेतली होती. तुम्हीही पोचल्याबरोबर कडेची जागा मागा. पांघरूण-उशी मिळते, पण आत घालायची रेशमी किंवा सुती पिशवी आपली न्यायची, ती सक्तीची. कानात घालायचे बोळे विसरू नका. घोरण्याला भाषा लागत नाही. आंघोळ विसरा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का ते विचारून मगच प्या, पुष्कळ ठिकाणी नसतं.

जेवण साडेसहाच्या सुमाराला, सगळ्यांना एकच आणि सगळे एका वेळी : सूप, सॅलड, मुख्य पदार्थ, काहीतरी गोड. शाकाहारी आहात हे बुकिंग करतानाच लिहा, पोचल्यावर नाही. सामान बहुतेक हेलिकॉप्टरनं वर येतं. आयत्या वेळी पनीर कुठून आणणार ते? रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरूनच पैसे सांगतात. किंमत बघून तुम्ही रुपयांत गुणाकार कराल. करू नका. दशम्या-चटणी न्या जरूर, पण वाटेवर खा. त्यांच्या जेवणघरात आपला डबा उघडलेला त्यांना आवडत नाही. आपला कचरा आपणच खाली आणायचा. दहाला दिवे बंद.

भाषेचं म्हणाल तर बुकिंग इंग्रजीत होतं, आणि ह्यूट चालवणाऱ्यांना इंग्रजी येतं.

गुडघा. परत येतानाही रोपवेच घ्या. गेमीहून लॉयकरबाडला उतरणारी वाट उभ्या कड्यात कोरलेली आहे, फार देखणी आहे, आणि तुमच्यासाठी नाही. दोन काठ्या न्या. खाली लॉयकरबाडला गरम पाण्याचे झरे आहेत, गुडघा तिथे बुडवा.

आता मुलाचं. त्याची काळजी खोटी नाही, पण त्याला वाटतंय तशी ‘एकटी’ तुम्ही तिथे नसता. हे मला कसं कळलं ते सांगते, जरा लाजच वाटते. काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्याच ह्यूटवर मी बुकिंग केलं होतं. दुपारी पाऊस लागला, मी शहाणपणा करून खालच्या गावातच खोली घेतली आणि वर कळवायचं विसरले. विसरले कसलं, मनात म्हटलं, एक बाई आली नाही तर कुणाला पडलंय! सव्वासातला फोन वाजला. ह्यूट चालवणारी बाई. ‘तुम्ही कुठे आहात?’ मी सांगितलं. पलीकडे क्षणभर काही नाही. मग म्हणाली, ‘बरं झालं. वर आलेल्या प्रत्येकाला मी विचारतेय, एक भारतीय बाई दिसली का. आता माझा नवरा बॅटरी घेऊन निघणार होता.’ रागावली नाही, तेच जास्त लागलं. बुकिंगचे पैसे मी न मागता पाठवले.

तेव्हा तीन गोष्टी पाळायच्या. बेत बदलला तर आधी ह्यूटला फोन. पोचल्यावर तिथल्या वहीत नाव लिहायचं आणि पुढे कुठे जाणार तो रकाना मोकळा सोडायचा नाही. आणि गेमीहून निघताना मुलाला वेळ सांगून ठेवायची : अमुक वाजेपर्यंत माझा निरोप नाही आला तर ह्यूटला फोन कर. आधी नाही. हे ‘आधी नाही’ त्याच्याकडून कबूल करून घ्या, नाहीतर दर वीस मिनिटांनी ‘आई, कुठपर्यंत?’ सुरू होईल. मोबाइलमध्ये 144 नंबर घालून ठेवा, त्या भागात डोंगरातल्या बचावासाठी तोच लावायचा. तुमच्या प्रवासी विम्यात डोंगरातून हेलिकॉप्टरनं आणण्याचा खर्च धरलाय का, ते इथूनच निघण्यापूर्वी बघा. तो खर्च तुम्हाला-मला परवडणारा नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये तिथे दुपारनंतर गडगडाट होतो, म्हणून सकाळची गाडी पकडा आणि तीनच्या आत वर पोचा. शनिवार-रविवार टाळा. जुलैचा शेवटचा रविवार तर नक्कीच, त्या दिवशी गेमीजवळच्या दाउबेनझे तळ्याकाठी मेंढपाळांचा मेळा भरतो, शेकडो मेंढ्या तळ्याला वळसा घालून येतात. बघायला बहार, पण रोपवेला ही रांग! तो मेळा सून-मुलाबरोबर बघा. तुमची रात्र मंगळवारी नाहीतर बुधवारी.