पीएचडीला नाव लागलं, आता एनरोलमेंट, कोर्सवर्क आणि रजिस्ट्रेशन यात आधी काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की पीएचडीच्या यादीत नाव लागलंय, फी भरायची लिंक आलीये, तुम्ही ज्युनियर कॉलेजला शिकवता म्हणून पार्ट टाइम करणार आहात, आणि आता एक जण सांगतो आधी एनरोलमेंट करा, दुसरा सांगतो कोर्सवर्क (पीएचडीच्या सुरुवातीला करायचे कोर्स आणि त्यांची परीक्षा) पास झाल्याशिवाय रजिस्ट्रेशनच होत नाही, आणि ऑफिसात विचारलं तर सगळं साइटवर टाकलंय म्हणतात. मी एका राज्य विद्यापीठातून पीएचडी पूर्ण केलीये आणि दर वर्षी नवीन आलेली मुलं मला नेमकं हेच विचारतात, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

गोंधळ होतो कारण आपण ज्याला सरसकट रजिस्ट्रेशन म्हणतो त्यात खरं तर तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींची तारीख वेगळी असते. एक म्हणजे विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणून तुमचं नाव लागणं, दुसरी पीएचडीला प्रवेश मिळाल्याची तारीख, आणि तिसरी तुमचा विषय कमिटीने मंजूर केल्याची तारीख. कोर्सवर्क बहुतेक ठिकाणी दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे येतं. म्हणून तुम्हाला सांगणारे दोघंही बरोबर आहेत, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींना रजिस्ट्रेशन म्हणतायत.

पहिली गोष्ट म्हणजे एलिजिबिलिटी, म्हणजे तुम्ही प्रवेशाला पात्र आहात का याची विद्यापीठाकडून होणारी तपासणी. एमए किंवा एमएस्सी त्याच विद्यापीठातून केलं असेल तर फार काही नाही, जुना पीआरएन, म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायमचा विद्यार्थी क्रमांक असतो, काही ठिकाणी तोच चालतो काही ठिकाणी नवीन मिळतो. पण दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, आणि त्याची मूळ प्रत लागते, झेरॉक्स नाही. ते मिळायला वेळ लागतो म्हणून आजच अर्ज टाका. ते जमा होऊन पात्रता विभागाचा शिक्का पडेपर्यंत तुमचा प्रवेश प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता असतो, हे पत्रावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही. नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर, पदवीवर आणि आधारवर एकच आहे का ते बघा, लग्नानंतर नाव बदललं असेल तर गॅझेट किंवा विवाह नोंदणीचा दाखला आत्ताच फाईलला लावा, शेवटी पदवीच्या सर्टिफिकेटवर तेच नाव छापून येणार असतं.

आता तारीख. सध्या जे नियम चालतात ते यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नोव्हेंबर 2022 मधले, त्याआधी 2016 चे होते आणि त्याही आधी 2009 चे, त्यामुळे सिनियर लोक सांगतात ते कधी कधी जुन्या नियमाचं असतं, त्यांच्यावर विश्वास ठेवा पण पडताळून घ्या. 2022 च्या नियमात पीएचडीची कमीत कमी मुदत 3 वर्षं आहे आणि त्यात कोर्सवर्क धरलेलं आहे, जास्तीत जास्त 6 वर्षं, आणि ही 6 वर्षं मोजतात ती प्रवेशाच्या तारखेपासून, विषय मंजूर झाला त्या तारखेपासून नाही! हे नीट लक्षात घ्या, कारण विषय मंजूर व्हायला वर्ष दीड वर्ष गेलं तरी घड्याळ आधीच सुरू झालेलं असतं. 6 वर्षांत झालं नाही तर री-रजिस्ट्रेशन करून आणखी 2 वर्षं मिळू शकतात, म्हणजे एकूण 8. महिला आणि 40 टक्क्यांपेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी 2, म्हणजे एकूण 10. शिवाय महिलांना संपूर्ण काळात मिळून 240 दिवसांपर्यंत मॅटर्निटी किंवा चाइल्ड केअर लीव्ह घेता येते, आणि लग्नामुळे किंवा अन्य कारणाने दुसरीकडे जावं लागलं तर संशोधनाचा डेटा नवीन विद्यापीठात नेता येतो. डिपार्टमेंटमध्ये हे कोणी आपणहून सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे जी मला फार कामाची वाटते. विद्यापीठाने प्रत्येक गाईडचं नाव, त्याच्याकडे असलेल्या विद्यार्थ्यांची नावं, त्यांचा विषय आणि प्रवेशाची तारीख वेबसाइटवर टाकायची आणि दर वर्षी अपडेट करायची असं स्पष्ट लिहिलंय. प्रवेश झाला की त्या यादीत आपलं नाव आणि तारीख बघा, स्क्रीनशॉट काढून ठेवा, चूक असेल तर लेखी अर्ज द्या. त्याच यादीवरून तुमच्या गाईडकडे जागा आहे का तेही कळतं. प्रोफेसर असतील तर एका वेळी 8, असोसिएट असतील तर 6 आणि असिस्टंट असतील तर 4 विद्यार्थी, एवढीच मर्यादा आहे. आणि ज्यांच्या निवृत्तीला 3 वर्षांपेक्षा कमी राहिलीत त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत. गाईडना हे विचारायला अवघड वाटतं हे मला माहितीये, पण विचारा, चांगले गाईड रागावत नाहीत.

आता कोर्सवर्क, जे तुम्ही मुख्य विचारलंय. कमीत कमी 12 क्रेडिट करावे लागतात. त्यात दोन गोष्टी सक्तीच्या, एक रिसर्च मेथडॉलॉजी आणि दुसरा रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स, ज्याला सगळे आरपीई म्हणतात. आरपीई हा 2 क्रेडिटचा, 30 तासांचा कोर्स आहे, सहा युनिट असतात, अर्धे थिअरीचे अर्धे प्रॅक्टिकलचे, वाङ्मयचौर्य म्हणजे काय, फसवी जर्नल्स कशी ओळखायची, ओपन ॲक्सेस, डेटाबेस कसे वापरायचे हे सगळं त्यात येतं. लोक हा कोर्स उरकून टाकायचा म्हणून करतात, मला मात्र पूर्ण पीएचडीत सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. पहिला पेपर पाठवताना एका जर्नलचं ईमेल आलेलं, चार दिवसात छापतो फक्त पैसे भरा, आणि वर्गात आदल्या आठवड्यातच हे शिकवलेलं असल्यामुळे मी थांबलो.

उरलेले क्रेडिट तुमच्या विषयाच्या पेपरचे असतात. इथे तुमचं मत चालतं, फक्त ते वेळेत मांडायला लागतं. तुमच्यासाठी एक रिसर्च ॲडव्हायझरी कमिटी असते, तिला आरएसी म्हणतात, कुठे नाव वेगळं असेल, तुमचे गाईड तिचे निमंत्रक असतात. कुठले कोर्स घ्यायचे ते ही कमिटी ठरवते, आणि यूजीसीने मान्यता दिलेले ऑनलाइन कोर्ससुद्धा ती क्रेडिटमध्ये धरायला सांगू शकते. तुम्हाला संख्याशास्त्र लागणार असेल किंवा एखादी भाषा, जुनी लिपी, सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर गाईडना आधीच बोलून ठेवा. पण ऑनलाइन कोर्स आधी करून टाकला आणि मग मान्यता मागितली असं करू नका, आधी कमिटीच्या मिनिट्समध्ये, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीत त्याचं नाव येऊ दे मग एनरोल करा, नाहीतर सर्टिफिकेट हातात असूनही क्रेडिट मिळत नाही आणि भांडायला कागद नसतो.

कोर्सला एनरोल करायचं म्हणजे प्रत्यक्षात काय, तर बहुतेक ठिकाणी पोर्टलवर लॉगिन करून कोर्स निवडायचे, कोर्सवर्कची फी वेगळी असेल तर ती भरायची, फॉर्मची प्रिंट काढून त्यावर गाईड आणि हेड ऑफ डिपार्टमेंट किंवा संशोधन केंद्राचे प्राचार्य यांची सही घ्यायची आणि ती प्रत ऑफिसात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायचा. हा शेवटचा शिक्का कधीही सोडू नका. एबीसी आयडी (ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या तुमच्या खात्याचा नंबर) काढला नसेल तर डिजीलॉकरवरून काढून घ्या, आता फॉर्मवर मागतात आणि क्रेडिट तिथे जमा होतात. आणि परीक्षेचा फॉर्म बऱ्याचदा वेगळा असतो, कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेचा फॉर्म आपोआप भरला जात नाही, यात दर वर्षी कोणी ना कोणी अडकतं. पास व्हायला 55 टक्के किंवा तेवढी ग्रेड लागते, त्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि थीसिसही देता येत नाही. नोकरी करताना 55 अवघड नाहीये पण हजेरी अवघड आहे, ते खाली सांगतो.

कोर्सवर्क झालं की आराखडा कमिटीपुढे मांडायचा, दुरुस्त्या येतात, त्या करून परत द्यायचा, आणि मग विषय मंजूर झाल्याचं पत्र येतं. बरेच जण यालाच रजिस्ट्रेशन कन्फर्म झालं म्हणतात. हे पत्र हातात आल्यावर शांतपणे एकेक शब्द वाचा. माझ्या पत्रात शीर्षकातला एक शब्द गळला होता, मी लिहिलं होतं "ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा" आणि पत्रात आलं "भागातील प्राथमिक शाळा". मी आनंदात फोटो काढून घरी पाठवला आणि पत्र फाईलला लावून टाकलं. चार वर्षांनी सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा सारांश द्यायला गेलो तेव्हा खिडकीतल्या मॅडमनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, बोट फिरवत फिरवत त्या जागेवर आणून थांबवलं आणि म्हणाल्या, सर, हा विषय मंजूर नाहीये. मग शीर्षक दुरुस्तीचा अर्ज, गाईडचं पत्र, परत कमिटी, आणि कमिटीची पुढची मीटिंग होईपर्यंत वाट. जवळजवळ पाच महिने त्यात गेले, काम पूर्ण झालेलं असताना. पत्र आलं त्याच आठवड्यात बघितलं असतं तर एका अर्जात मिटलं असतं.

यानंतर लोकांना वाटतं आता फक्त लिहायचं. तसं नाहीये. दर सेमिस्टरला आरएसीपुढे जाऊन काय केलं ते सांगायचं असतं आणि प्रगती अहवाल द्यायचा असतो, आणि दर वर्षी फी भरून नाव चालू ठेवायचं असतं, काही जण सेमिस्टर रजिस्ट्रेशन म्हणतात ते हेच, काही संस्थांमध्ये दर सेमिस्टरला पोर्टलवर रीतसर करतात, काही ठिकाणी वर्षातून एकदा चलान भरलं की झालं. आमच्यासोबतच्या एका मैत्रिणीने दुसऱ्या वर्षीची फी भरली नव्हती, तिला कोणी मेसेज केला नाही आणि तिला वाटलं विषय मंजूर झाला म्हणजे सगळं चालू आहे. नो ड्यूजच्या, म्हणजे काही बाकी नसल्याच्या दाखल्याच्या वेळी ते वर्ष कोरं निघालं, दंडासकट भरावं लागलं ते ठीक, पण त्या वर्षाचे दोन प्रगती अहवालही कुठेच नोंदलेले नव्हते, गाईडकडे दिले होते आणि गाईडच्या कपाटातच राहिले होते. म्हणून अहवाल गाईडना देऊन घरी जाऊ नका, सही झाली की स्वतः ऑफिसला नेऊन द्या. फेलोशिप मिळणार असेल, नेट-जेआरएफची असो किंवा राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांची, तर तिथेही हेच अहवाल आणि प्रवेशाची तारीख मागतात, कागद जुळले नाहीत की पैसे थांबतात.

आता तुमचं पार्ट टाइमचं. पार्ट टाइम पीएचडी नियमात बसते, ऑनलाइन किंवा डिस्टन्सने मात्र बसत नाही, त्यामुळे कोणी घरबसल्या पीएचडी देतो म्हणालं तर फोन ठेवून द्या. पार्ट टाइमला अटी सगळ्या त्याच, 12 क्रेडिट, 55 टक्के, कमिटी, सगळं. वेगळी आहे ती एनओसी, म्हणजे तुमच्या कॉलेजचं ना हरकत पत्र. आणि इथे बहुतेक शिक्षकांचं चुकतं, कारण कॉलेज आपलं लेटरहेड घेतं आणि एका ओळीत लिहून देतं की यांना पीएचडी करायला आमची हरकत नाही. नियमात तेवढं पुरत नाही. तीन गोष्टी लिहिलेल्या लागतात: यांना पार्ट टाइम शिक्षण घ्यायची परवानगी आहे, कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल, आणि गरज पडली तर कोर्सवर्क पूर्ण करायला यांना कामातून मोकळं केलं जाईल.

तिसरं वाक्य तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, वर हजेरीचं म्हणालो ते यासाठीच. कोर्सवर्कचे तास कधी लागतील ते आपल्या हातात नसतं, कुठे शनिवार रविवार असतात तर कुठे सलग पंधरा दिवस घेतात आणि तेही नेमके बारावीच्या प्रॅक्टिकलच्या वेळी. ते वाक्य लेखी असेल तर प्राचार्यांकडे ड्युटी लीव्ह मागताना तुमच्या हातात काहीतरी असतं, नसेल तर प्रत्येक दिवसासाठी विनंती करत बसावं लागतं. तुमच्याकडची एनओसी एका ओळीची असेल तर लिंकवर फी भरायच्या आधी ती परत टाइप करून सही-शिक्क्यासह घ्या, आणि आवक-जावक क्रमांक टाकायला सांगा. मसुदा लागला तर खाली कमेंटमध्ये विचारा, माझ्याकडे मराठीतला आहे, तो टाकतो.