हेलिकॉप्टरचा आवाज मधूनच का पडतो?

प्रश्न : आम्ही नाशिकरोडला राहतो. गांधीनगरच्या बाजूने दिवसभर लष्कराची हेलिकॉप्टरं घिरट्या घालतात. एखाद्याचा आवाज एकदम पडतो आणि ते झपकन खाली येतं. छातीत धस्स होतं! तिथे काय चालतं? माझ्या दहावीतल्या मुलीला तिथे शिकता येईल का?

उत्तर : ताई, तिथे लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा आहे. तुम्हाला धस्स होतं तेव्हा कुणीतरी ऑटोरोटेशन, म्हणजे इंजिनाविना हेलिकॉप्टर उतरवणं, शिकत असतं. इंजिन गेलं असं धरायचं आणि डाव्या हातातली कलेक्टिव्हची दांडी लगेच खाली दाबायची. पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून येणारी हवाच त्यांना भिरभिऱ्यासारखी फिरवत ठेवते. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग मारायचा, मग दांडी वर ओढून पात्यांच्या उरलेल्या फेऱ्यांवर अलगद टेकायचं. मी शिकताना पहिल्यांदा ती घाईने ओढली. शेजारच्या इन्स्ट्रक्टरसाहेबांनी कंट्रोल हिसकावून घेतले, आणि उतरल्यावर चहासुद्धा विचारला नाही.

एवढं घोकून घेतात, कारण चेतक आणि चीता ही दोन्ही हेलिकॉप्टरं एका इंजिनाची, आणि चीता तर सियाचीनला जातं. चीता म्हणजे मूळचं फ्रेंच 'लामा'. २१ जून १९७२ रोजी फ्रेंच वैमानिक जाँ बूले यांनी ते १२,४४२ मीटरवर नेलं, तिथे इंजिन विझलं ते पुन्हा पेटेना. गडी असाच ऑटोरोटेशनवर खाली आला!

नाशिकच का, तर शेजारी देवळालीचा तोफखाना. आकाशातून तोफांचा मारा दुरुस्त करणारे 'एअर ओपी'चे वैमानिक तोफखान्याचेच. १ नोव्हेंबर १९८६ला त्यातून आर्मी एव्हिएशन कोअर, म्हणजे लष्कराची हवाई शाखा, वेगळी झाली, आणि २००३ मध्ये इथे तिची प्रशिक्षण शाळा उभी राहिली. (ओझरचा एचएएलचा विमान कारखाना वेगळा, तिथे लढाऊ विमानं. रिक्षावाले अजूनही गल्लत करतात.)

आता लेकीचं. इथे थेट प्रवेश नाही. आधी लष्करात अधिकारी व्हावं लागतं. बारावीनंतर एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा आहे, २०२२ पासून मुलीही तिथे दाखल होतात. त्याच वर्षी मे महिन्यात कॅप्टन अभिलाषा बराक यांना याच नाशिकच्या शाळेत 'विंग्ज', म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, मिळाल्या. लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर (लढाऊ वैमानिक) त्या. तेव्हा अकरावीला गणित आणि फिजिक्स सोडू नको म्हणावं.