लग्नाच्या व्हिडिओचा व्यवसाय: कर्ज काढून कॅमेरा घेऊ का?

पत्र, थोडक्यात: पदवीचं शेवटचं वर्ष आहे. दोन वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी एका व्हिडिओग्राफरकडे मदतनीस म्हणून जाते. आता लग्नाचं शूटिंग स्वतः घ्यायचं आहे. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, २४-७० मिलिमीटरची झूम लेन्स, गिम्बल (कॅमेरा स्थिर ठेवणारं हँडल) आणि ड्रोन हे सगळं कर्ज काढून एकदम घ्यावं असा विचार आहे. बाबा म्हणतात, हा छंद आहे, आधी नोकरी बघ. कॅमेरा कोणता घेऊ आणि बाबांना काय सांगू?

उत्तर:

तुझ्या यादीत चार वस्तू आहेत आणि चारही चित्रासाठी आहेत. माइक एकही नाही. दुसरी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) नाही, फुटेज ठेवायला डिस्क नाही, जादा बॅटऱ्या नाहीत. यात तुझा दोष नाही. मदतनीसाला कॅमेरा आणि गिम्बल रोज दिसतात. मालक रात्री घरी जाऊन कार्डं कशी उतरवतो, करारात काय लिहितो, बुकिंग घेताना कशाला नाही म्हणतो, हे त्याला दिसत नाही. व्यवसाय मात्र त्यावरच उभा असतो. म्हणून कॅमेऱ्याचं नाव सांगण्याऐवजी निवड कशी करायची ते सांगते.

जाहिरातीच्या किंवा लघुपटाच्या शूटिंगला 'पुन्हा एकदा' म्हणता येतं. लग्नात येत नाही. मुख्य विधी चालू असताना कार्ड बिघडलं, तर त्या दोघांचा तो क्षण कायमचा गेला, आणि पैसे परत केले तरी भरपाई होत नाही. म्हणून प्रत्येक वस्तू घेताना एकच विचार: ही आत्ता बंद पडली, तर पुढच्या मिनिटाला माझ्या हातात काय असेल? या कसोटीवर एका महागड्या बॉडीपेक्षा दोन मध्यम बॉड्या नेहमी वरचढ ठरतात. शक्यतो दोन्ही एकाच कंपनीच्या घे. लेन्स, बॅटऱ्या, चार्जर बहुधा अदलाबदल करता येतात आणि एडिटिंगमध्ये रंग जुळवायला त्रास कमी होतो.

बॉडीत काय बघायचं? सगळ्यात आधी दोन कार्डांचे स्लॉट, आणि व्हिडिओ दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहिण्याची सोय. काही कॅमेऱ्यांत दोन स्लॉट असतात, पण दुहेरी नोंद फक्त फोटोंची होते. तेव्हा घेण्याआधी माहितीपुस्तिका उघडून खात्री कर. दुसरं, सलग रेकॉर्डिंग. बरेच जुने फोटो-कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. ३० मिनिटांहून जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याचं आयातशुल्क लागायचं, म्हणून कंपन्यांनी ती मर्यादा घातली होती. आता अनेक मॉडेलांत ती नाही, पण जुना कॅमेरा स्वस्तात मिळाला तर हे तपासायचंच. तिसरं, फोरकेमध्ये (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याच्या व्हिडिओत) तासभर चालू ठेवल्यावर कॅमेरा तापून बंद पडतो का? हे दुकानात कळत नाही. एक दिवस भाड्याने आणून, उकाड्याच्या खोलीत ट्रायपॉडवर लावून बघ.

१०-बिट रेकॉर्डिंग असेल तर चांगलं. ८-बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा मिळतात, १०-बिटमध्ये १०२४. लॉग प्रोफाइलमध्ये (मुद्दाम फिकं चित्र नोंदवणारी सेटिंग) शूट करून नंतर रंग ओढायचे असतील तर हा फरक आकाशावर आणि भिंतींवर लगेच दिसतो. पण सुरुवातीला साध्या प्रोफाइलवर, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) जागेवरच नीट ठेवून केलेलं ८-बिट कामही ग्राहकाला उत्तम वाटतं. कॅननचा ५डी मार्क टू २००८ साली आला, तेव्हा फुलफ्रेम डीएसएलआरवर पहिल्यांदाच फुल एचडी व्हिडिओ मिळाला. त्यात एक क्लिप जेमतेम १२ मिनिटं चालायची, आणि तरीही लग्नाच्या फिल्मचं रूप त्याच पिढीच्या कॅमेऱ्यांनी बदललं. तुझ्या बजेटमध्ये आज जे मिळेल ते त्याच्या कितीतरी पुढचं असेल, तेव्हा नव्यातल्या नव्या मॉडेलचा हट्ट सोडून दे.

लेन्सवर मात्र पैसे घाल, कारण बॉडी काही वर्षांत जुनी होते आणि लेन्स टिकते. २४-७० एफ २.८ ही निवड बरोबर आहे. तिच्या जोडीला एफ १.४ किंवा एफ १.८ ची एक प्राइम (झूम नसलेली लेन्स) हवी, ३५ किंवा ५० मिलिमीटरची. एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. एफ २.८ च्या तुलनेत एफ १.४ वर चौपट प्रकाश आत येतो. संध्याकाळी दिवे मंद केलेल्या हॉलमध्ये हीच लेन्स तुला तारेल. जुनी लेन्स घ्यायला हरकत नाही. आत बुरशी नाही ना, फोकस अडखळत नाही ना, एवढं पाहून घे.

दिव्यांवरून आठवलं. व्हिडिओत दिवे लुकलुकू नयेत म्हणून वीज ५० हर्ट्झची असेल तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद, ६० हर्ट्झची असेल तिथे ३० फ्रेम आणि १/६० ही सुरक्षित जोडी. सजावटीचे एलईडी त्यातूनही पट्टे पाडू शकतात. म्हणून हॉलमध्ये पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक प्रकारच्या दिव्याखाली एकेक क्लिप घेऊन ती मोठी करून बघायची.

आता आवाज. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण नवशिक्यांचं काम इथेच पडतं. चित्र थोडं हललेलं असलं तरी लोक चालवून घेतात. पण वडील मुलीबद्दल बोलताना गहिवरले आणि फिल्ममध्ये फक्त स्पीकरचा घुमणारा आवाज आणि भांड्यांची खणखण ऐकू आली, तर त्या दृश्याचं काही राहत नाही. कॅमेऱ्यातला माइक फक्त एडिटिंगमध्ये आवाज जुळवण्यापुरता आहे असं धर.

खरा आवाज किमान दोन वाटांनी घ्यायचा. पहिली वाट म्हणजे बोलणाऱ्याच्या कपड्याला लावलेला कॉलर माइक. तो वायरलेस असेल तर २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा संच गर्दीत शेकडो फोनांच्या आणि वायफायच्या गोंधळात अडखळू शकतो. माइक आणि कॅमेरा यांच्यामध्ये माणसं उभी राहिली तरी सिग्नल तुटतो. म्हणून ट्रान्समीटरमध्येच (बोलणाऱ्याच्या अंगावरच्या डबीत) रेकॉर्डिंग होणारा संच घे, किंवा माइक थेट खिशातल्या छोट्या रेकॉर्डरला जोड. ३२-बिट फ्लोटवर नोंदवणारा रेकॉर्डर मिळाला तर फारच उत्तम. कोणी अचानक मोठ्याने ओरडलं तरी रेकॉर्डरमध्ये आवाज फाटत नाही, नंतर खाली आणता येतो. दुसरी वाट साउंडवाल्याच्या मिक्सरमधून. त्याच्याकडे कार्यक्रम सुरू व्हायच्या तासभर आधी जा, नाव विचार, आणि एक आउटपुट मिळेल का ते विनंतीच्या सुरात विचार. मिक्सरमधून लाइन लेव्हल, म्हणजे माइकपेक्षा बराच जोरदार सिग्नल येतो. तुझा रेकॉर्डर माइक लेव्हलवर राहिला तर सगळं फाटकं रेकॉर्ड होईल. सेटिंग बदलून, कोणाला तरी माइकवर जोरात बोलायला लावून, सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघ. वेगवेगळ्या केबल आणि कनेक्टर स्वतःच्या बॅगेत ठेव, साउंडवाल्याकडे असतीलच असं नाही. आणि हेडफोन लावून ऐक. मीटर हलतोय म्हणजे आवाज चांगला येतोय असं नसतं.

रेकॉर्डर आणि कॅमेरा यांची घड्याळं किंचित वेगळी चालतात. त्यामुळे तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी ओठ आणि शब्द जुळेनासे होतात. घाबरू नकोस, एडिटिंगमध्ये मधल्या शांत जागी कापून पुन्हा जुळवायचं.

गिम्बल घे, पण आधी मोनोपॉड (एकपायी स्टँड) घे. लांबच लांब भाषणं गिम्बल हातात धरून कोणी शूट करू शकत नाही. ड्रोन सध्या अजिबात घेऊ नकोस. परवाना, नोंदणी, उडवण्याची परवानगी, विमा यांचे नियम आहेत आणि फिल्ममध्ये वापरायची असतात जेमतेम काही सेकंदं. मागणी आलीच तर परवानाधारक माणूस त्या दिवसापुरता बोलव आणि त्याचा खर्च दरपत्रकात वेगळा दाखव.

साठवणुकीचा हिशोब कागदावर मांडून बघ. कॅमेरा १०० मेगाबिट प्रतिसेकंदाने नोंदवत असेल तर तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे प्रत्येकी सहा तास चालले तर एका लग्नाचे ५४० जीबी. वीस लग्नं म्हणजे जवळपास ११ टीबी, आणि तीन प्रती ठेवायच्या तर ३२ टीबीच्या वर. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, हा ३-२-१ चा नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचलित केला. तो तुला पहिल्याच कामापासून पाळायचा आहे. भरलेली कार्डं वेगळ्या डबीत, आणि ती डबी बॅगेत नाही, अंगावरच्या चेन असलेल्या खिशात. घरी कितीही उशीर झाला तरी झोपण्याआधी दोन डिस्कवर प्रत. प्रत्येक फाइल उघडते का ते बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. डिस्कचा खर्च तू किमतीत धरला नाहीस तर तो तुझ्या खिशातून जाणार. प्रती किती महिने सांभाळशील हेही करारात लिही.

एडिटिंगसाठी लगेच काही विकत घ्यायला नको. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती शिकायला आणि पहिली कामं द्यायला पुरते. फोरकेचं एच.२६५ (जास्त दाबून छोटं केलेलं) फुटेज कॉम्प्युटरला जड गेलं तर प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती बनवून काम कर. गाण्यांचं मात्र आधीच ठरव. लोकप्रिय गाणं लावलेली फिल्म ऑनलाइन टाकली की ती बंद होऊ शकते किंवा तिचा आवाज काढला जाऊ शकतो, आणि कॉपीराइटचा प्रश्न तर राहतोच. परवाना देणाऱ्या संगीतसंग्रहाचं वर्गणीचं शुल्क खर्चात धर आणि ग्राहकाला बुकिंगच्या वेळीच समजावून सांग.

किंमत ठरवताना नवीन माणूस शूटिंगचा दिवस मोजतो आणि तिथेच फसतो. एका दिवसाच्या शूटिंगमागे भेटी, हॉल पाहणं, प्रती काढणं, आवाज जुळवणं, कापणं, रंग, बदल असे कितीतरी दिवस असतात. पहिल्या काही कामांत प्रत्येक तासाची नोंद ठेव. त्या नोंदीवरून तुझा दर काढ. दुसऱ्याचा दर बघून दहा टक्के कमी, असं करू नकोस. त्याच्या उपकरणांचं कर्ज कधीच फिटलेलं असेल.

करार साधा असू दे, पण लेखी. किती तास, किती माणसं, काय देणार आणि किती लांबीचं, कोणत्या तारखेपर्यंत, किती वेळा बदल करून देणार, आगाऊ किती आणि ती कोणत्या परिस्थितीत परत, कच्चं फुटेज देणार की नाही. कच्च्या फुटेजवरून आणि 'अजून एक छोटासा बदल' यावरून जितकी भांडणं होतात तितकी बाकी कशावरून होत नाहीत. त्यांची फिल्म तुझ्या पानावर टाकायला त्यांची संमतीही इथेच घे, आणि कोणी नको म्हटलं तर विषय तिथेच संपव. तू आजारी पडलीस तर? दोन-तीन समव्यावसायिकांशी आत्ताच बोलून ठेव, अडचणीला एकमेकांच्या जागी उभं राहायचं म्हणून. ज्यांच्याकडे शिकलीस त्यांच्यापासून सुरुवात कर. त्यांना न सांगता त्यांच्याच ग्राहकांना फोन करू नकोस.

आता कर्ज आणि बाबा. एकदम सगळं घेण्यासाठी कर्ज काढू नकोस. हंगामात कामांची रांग लागते आणि मधले महिने कोरडे जातात, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. पहिली कामं भाड्याच्या बॉड्यांवर कर. आवाजाचं सामान, कार्डं, डिस्क आणि एक प्राइम लेन्स एवढंच स्वतःचं घे. कॅमेऱ्याचं वर्षाचं भाडं त्याच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास जायला लागलं, की तो विकत घे.

बाबांचं 'नोकरी बघ' हे मला तुझ्याविरुद्ध वाटत नाही. सुट्टीच्या दिवशी कामं घेता येतील अशी नोकरी पहिलं दीड-दोन वर्षं केलीस तर घाईत स्वस्तात कामं घ्यावी लागणार नाहीत. त्या काळात वही ठेव: कामाचे तास, मिळालेले पैसे, भाडं, प्रवास, डिस्क, उपकरणांचा घसारा, हातात उरलं किती. दर तीन महिन्यांनी ती बाबांसमोर उघडून बसत जा. पुढच्या हंगामाची आगाऊ बुकिंग आणि सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असेल, तेव्हा नोकरी सोडण्याची चर्चा त्या वहीतल्या आकड्यांवर करता येईल. आकडे जमले नाहीत तर आणखी एक हंगाम नोकरीसोबत काम कर, आणि तोवर दुसऱ्यांच्या लग्नांत सेकंड शूटर (मुख्य व्हिडिओग्राफरसोबतचा दुसरा कॅमेरावाला) म्हणून जात राहा.