कथालेखनाची ऑनलाइन कार्यशाळा करू का?

प्रश्न: ताई, मी बँकेत आहे, कथा लिहायला घेते पण अर्धवट राहतात. झूमवर चार रविवारची कार्यशाळा आहे, फी भरू का?

उत्तर: भर की, पण आधी विचारून घे, माझी कथा कुणी वाचून त्यावर लिहून देणार का? नुसती लेक्चरं असतील तर राहू दे, त्यापेक्षा वाचनालयाची वर्गणी भर. चांगला शिकवणारा बहुतेक वेळा पहिलं पानच उडवतो, कारण नायिका उठते, चहा ठेवते, खिडकीतून बघते यातच दोनशे शब्द जातात आणि गोष्ट सुरू होते सासूचा फोन येतो तिथे (वाईट वाटतं, वाटू दे). आणि दिवाळी अंकाला पाठवायची असेल तर उन्हाळ्यातली बॅच बघ, गणपतीपर्यंत बरेच अंक भरलेले असतात.