विल्मा रुडॉल्फला अमेरिकेने आपलं मानलं का? (उत्तर जरा लांबलंय)

प्रश्न असा आहे: ज्या अमेरिकेच्या दक्षिणेत विल्मा रुडॉल्फ या कृष्णवर्णीय धावपटूला कित्येक हॉटेलांत पाय ठेवू देत नव्हते, तीच अमेरिका १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर तिची तीन सुवर्णपदकं कशी काय मिरवत होती? ‘ढोंग’ म्हणून मोकळं होता येतं, पण त्यातून फारसं हाती लागत नाही. अमेरिकेच्या महिला अ‍ॅथलेटिक्स संघात तेव्हा कोण होतं आणि का होतं, हे आधी बघू.

गोऱ्या मध्यमवर्गीय घरांतल्या मुली मैदानी खेळांत जवळजवळ नव्हत्याच. पळणं, गोळा फेकणं हे पुरुषी समजलं जाई. १९२० च्या दशकापासून गोऱ्या मुलींच्या कॉलेजांत शारीरिक शिक्षण देणाऱ्या बायकाच चुरशीच्या स्पर्धांविरुद्ध होत्या. १९२८ ला ऑलिंपिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत झाली. ती त्यांना झेपत नाही म्हणून जी बंद केली, ती १९६० लाच परत आली. गोऱ्या मुली पोहण्याकडे, टेनिसकडे वळल्या. मोकळी जागा भरली ती दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांनी. आधी अलाबामातलं टस्कीगी, मग नॅशव्हिलचं टेनेसी स्टेट. १९५६ ला मेलबर्नमध्ये अमेरिकन महिलांना अ‍ॅथलेटिक्समध्ये तीन पदकं मिळाली, तिन्ही कृष्णवर्णीय मुलींनी आणलेली. रोमला रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या चौघीही टेनेसी स्टेटच्याच. देशाने हौसेने यांना पुढे केलं असं अजिबात नाही; दुसरं कुणी नव्हतंच.

पुढे गरज पडली ती रशियामुळे. १९५८ ला मॉस्कोत दोन्ही देशांचा अ‍ॅथलेटिक्सचा सामना झाला. अमेरिकन पुरुष १२६-१०९ ने जिंकले, रशियन महिला ६३-४४ ने. रशियाने बेरीज केली: १७२-१७०, आम्ही जिंकलो! अमेरिकेचं म्हणणं, बायकांचे गुण वेगळे धरा. (हा वाद मला फार मजेशीर वाटतो. महासत्ता कुठे अडली, तर बायकांच्या गुणांवर.) आता या मुलींचा एकेक गुण मोलाचा झाला. शिवाय वर्णभेदावरून मॉस्को टोमणे मारत होतंच, त्यालाही त्या उत्तर म्हणून चालण्यासारख्या होत्या.

पण मिरवायचं तर विशिष्ट रूपातच. टेनेसी स्टेटचे प्रशिक्षक एड टेम्पल यांना हे पुरतं ठाऊक होतं. फोटोवाले येण्याआधी मुलींनी केस नीट करावेत, नीटनेटकं दिसावं, हा त्यांचा दंडक. मला तो जाचक वाटतो, पण त्या काळात तीच ढाल होती. विल्मा सडपातळ, हसरी, लहानपणी पोलिओ झालेली. तिची गोष्ट वर्तमानपत्रांनी उचलून धरली. त्याच रोममध्ये गोळाफेकीत कांस्य जिंकणारी धिप्पाड अर्लीन ब्राऊन कितीजणांना आठवते?

खरी परीक्षा असायची घरी परतल्यावर. १९४८ ला लंडनमध्ये अ‍ॅलिस कोचमनने १.६८ मीटर उंच उडी मारून सुवर्ण जिंकलं. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. पदक दिलं इंग्लंडच्या राजाने, पुढे व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी अभिनंदन केलं. जॉर्जियात अटलांटापासून तिच्या ऑल्बनी गावापर्यंत मोटारींची मिरवणूक निघाली. सत्काराच्या सभागृहात मात्र गोरे वेगळे, काळे वेगळे. व्यासपीठावर बसलेल्या महापौरांनी तिच्याशी हस्तांदोलनही केलं नाही आणि स्वतःच्याच सत्कारातून तिला बाजूच्या दाराने बाहेर पडावं लागलं.

विल्माने हे होऊ दिलं नाही. तिच्या क्लार्क्सव्हिल गावी सत्कार ठरला तेव्हा तिने सांगितलं, गोऱ्या-काळ्यांचा वेगळा कार्यक्रम असेल तर मी येणार नाही. त्या गावातला असा पहिला एकत्र समारंभ तो. १९६३ मध्ये परराष्ट्र खात्याने तिला सदिच्छा दौऱ्यावर पश्चिम आफ्रिकेत पाठवलं. परत आल्यावर, मे महिन्यात, गावातल्या फक्त गोऱ्यांसाठीच्या रेस्टॉरंटसमोर निषेधाला तीच उभी! लवकरच गावाला सार्वजनिक जागा सगळ्यांना खुल्या कराव्या लागल्या. म्हणून ‘आपलं मानलं का’ यापेक्षा, आपलं म्हणण्याची किंमत तिने वसूल केली का, असं विचारा. थोडीफार केली.

सगळ्यांना ते जमलं नाही. टेनेसी स्टेटचीच वायोमिया टायस १९६४ आणि १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये अशी सलग दोनदा १०० मीटर जिंकली. पुरुष असो वा स्त्री, हे आधी कुणी केलं नव्हतं. १९६८ ला मेक्सिकोत तिने गडद चड्डी घालून वर्णभेदाविरुद्ध मूक निषेध नोंदवला, रिलेचं पदक टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूंना जाहीरपणे अर्पण केलं. त्या दोघांनी पदक घेताना निषेधासाठी उंचावलेल्या मुठींचा फोटो जगभर गेला. टायसला मात्र खेळाडूंच्या त्या निषेध-चळवळीच्या पुरुष नेत्यांनी विचारलंही नव्हतं. १९८८ ला अमेरिकेच्याच कार्ल लुईसला १०० मीटरचं दुसरं सुवर्ण मिळालं, तेव्हा असं दोनदा जिंकणारा पहिलाच म्हणून त्याचा गवगवा झाला. टायसने ते वीस वर्षं आधी केलेलं होतं.